वीस मिनिटांची गोळी

पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या अंतिम सामन्याआधी विश्राम कोपर्डेकरांनी डोळे मिटून एकाग्रता वाढवणारी व्हिटॅमिनची गोळी घेतली. क्लबची रीतच तशी होती. डोळे उघडले की आधी पांढरा चेंडूच पाहायचा, कारण जे पहिल्यांदा स्पष्ट दिसेल त्यालाच लक्ष वीस मिनिटं चिकटून राही.

चष्मा मात्र घरी राहिला होता. तो घेऊन धापा टाकत आलेल्या त्यांच्या बायकोने, मालतीबाईंनी, वाकून तो त्यांच्या नाकावर चढवला. विश्रामांनी डोळे उघडले.

"ही नाकातली चमकी कधी घेतलीस?"

"तीन वर्षं झाली. खेळा आता."

"आणि हा तीळ?"

"लग्नाआधीपासूनचा."

प्रतिस्पर्धी घाटपांड्यांनी निवांत एकेक चेंडू टेबलाच्या भोकात घालून करंडक उचलला.

"हरलो का गं?" विश्रामांनी नजर न हलवता विचारलं.

"हरलात. पुढच्या फायनललाही चष्मा घरीच विसरा."