आहे त्या सामानात

इमारत पुन्हा अर्धीच पडली.

भूपेंद्रने माउस आपटला. पडद्यावरचा धुरळा बसला आणि उरलेली अर्धी इमारत ताठ उभी राहिली. इंटरनेटवरचा फुकटचा खेळ होता. मोजके बॉम्ब मिळायचे, ते लावून इमारत पाडायची, ढिगारा लाल रेषेच्या खाली आला पाहिजे. पहिल्या अकरा इमारती त्याने दोन दिवसांत झोपवल्या होत्या. बारावीने आठवडाभर त्याचा जीव खाल्ला होता. तिला बॉम्ब एकच. डावीकडे लावला की उजवी बाजू उरायची, उजवीकडे लावला की डावी. गच्चीवर लावला तर नुसती पाण्याची टाकी उडायची.

सिंदी रेल्वेच्या बाजारातल्या त्याच्या नेट कॅफेत भर दुपारी चिटपाखरूही फिरकत नसे. चिडायला भरपूर वेळ होता आणि कारणंही होती. दोनला लाईट जायची, आणि त्याच्या आधी नेट जायचं. पण सगळ्यांत मोठं कारण दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून बशीतून चहा पीत होतं. तानबा मिस्त्री.

हे दुकान तानबानेच बांधलं होतं, बारा वर्षांपूर्वी, सत्त्याण्णव साली. आता त्यावर एक मजला चढवायचा होता. अक्षय तृतीयेला भूपेंद्रचं लग्न ठरत होतं, पुलगावच्या रीताशी. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, त्यांत आई, आत्या आणि आत्याची दोन कपाटं. नव्या जोडप्याने राहायचं कुठे? रीताच्या वडिलांनी स्पष्टच सांगितलं होतं, वरची खोली उभी राहू द्या, मग पत्रिका छापू.

पोळ्याला भूपेंद्रने तानबाकडे विषय काढला. दिवाळी झाली, संक्रांत झाली, होळीही जवळ आली. तानबा 'येतो' म्हणायचा आणि यायचाही. रोज यायचा. गच्चीवर जायचा, टेप लावायचा, खाली उतरून खुर्चीत बसायचा. मग म्हणायचा, मजूर कापूस वेचायला गेले. कापूस संपल्यावर म्हणाला, रेतीत माती फार आहे. रेती बदलली, तर म्हणाला, ऊन तापू दे जरा. भूपेंद्रचं डोकं उन्हाआधीच तापलं होतं.

दुसरा मिस्त्री आणायचं त्याच्या मनात येत नव्हतं असं नाही. पण भिंतीवर तो फोटो होता. स्लॅबच्या दिवशीचा. भूपेंद्रचे वडील हिरालालशेठ तानबाच्या खांद्यावर दुपट्टा टाकताहेत. शेठजी मरेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला फोटोखाली उभं करून एकच गोष्ट सांगायचे. दसऱ्याच्या उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झालेल्या आणि सळयांची गाडी आलीच नाही. पण तानबाने आहे त्या सामानात भागवलं, दसरा चुकू दिला नाही. असा माणूस पुन्हा मिळायचा नाही, या घराला हात लावील तर तानबाच. तानबा मात्र कायम फोटोकडे पाठ करून बसायचा. म्हातारा लाजतो, असं भूपेंद्रला वाटायचं.

त्याने आणखी एकदा बॉम्ब लावला. इमारत अर्धीच पडली.

"सालं, हे बी पडत नाई अन् तुमी ते बी बांधत नाई!" तो तानबावर ओरडला. "रीताचे बाबा काल फोनवर काय म्हणे, मालूम हाय? आठ दिवसांत काम सुरू नाई झालं तर दुसरं स्थळ पाहतो म्हणे. हात चालत नसतीन तर तसं सांगा ना, काका! काऊन लटकवून ठेवलं मले? आता मी हिंगणघाटचा ठेकेदार सांगतला. सोमवारी वर विटा चढतीन."

तानबाने बशी खाली ठेवली. मग गुडघ्यावर हात देत उठला आणि भूपेंद्रच्या बाजूला येऊन उभा राहिला.

"काय करून राह्यला हे?"

"बिल्डिंग पाडून राह्यलो. बॉम्ब एकच हाय."

तानबा वाकला. त्याचं जाड, चुन्याने फुटलेलं बोट पडद्यावर मधल्या खांबाला टेकलं. "इथं लाव. बाकीचे नुसते सोबतीले हायेत. सारा भार याच्यावर हाय."

भूपेंद्रने लावला. सबंध इमारत जागच्या जागी खाली बसली. लाल रेषेच्या वर एक वीट उरली नाही.

आठवड्याचा राग एका क्षणात उतरला. भूपेंद्रने टाळी वाजवली, खुर्ची मागे कलवली आणि दुकानाच्या मधल्या खांबाला पाठ लावून हसत विचारलं, "वा काका! अन् आपल्या या बिल्डिंगले कुठं लावा लागंन?"

तानबा हसला नाही. त्याने मान वर करून फोटोकडे पाहिलं. मग हात पुढे करून भूपेंद्रच्या डोक्यामागच्या त्या खांबावर तळवा ठेवला.

"आठ सळया पाहिजे होत्या याच्यात," तो म्हणाला. "माह्याजवळ चारच होत्या."

भूपेंद्रची खुर्ची पुढे आली. "म्हणजे?"

"म्हणजे बॉम्ब नाई लागत, बाबू. सोमवारी तू वर विटा चढव, बस."