कोनशिला

भीमानं खांद्यावर पहार घेतली आणि राहीबाई हातातलं काम टाकून उठली.

"अवं, शिळा कालच ठिवली न्हवं? आता पहार कशाला?"

"पाचर काढायची हाय," नवरा एवढंच म्हणाला आणि चालू लागला.

राहीबाई घाईनं मागं निघाली. आज नगरातल्या नव्या वसाहतीच्या कोनशिलेची पूजा आप्पासाहेब करणार होते.

तीन वर्षांमागं, शेहेचाळीसच्या निवडणुकीत, हेच आप्पासाहेब मतं मागत पाथरवटांच्या गल्लीत आले होते. भीमाची आई गोजरबाई दगडी उंबऱ्याला हळदकुंकू लावत होती. आप्पासाहेबांनी सगळ्यांदेखत त्याच उंबऱ्यावर डोकं टेकवलं. "आई, ह्या घराला मी धक्का लागू देणार नाही!" म्हातारी विरघळली. गल्लीतलं एक मत तिनं दुसरीकडं जाऊ दिलं नाही.

आप्पासाहेबांनी आमदारकी मिरवली, मग ती सोडून सरकारी घरबांधणीचे मोठे साहेब झाले. वसाहतीसाठी पहिली पाडली ती हीच गल्ली.

"सायेब, आत तर या," पाडापाडीआधी पाहणीला आलेल्या साहेबांपुढं गोजरबाईनं हात जोडले.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "तुमच्या उंबऱ्याशी आता माझं काय काम?"

ताडपत्रीखाली दोन महिन्यांत म्हातारी गेली. जाताना पोराचा हात धरून म्हणाली, "त्या मेल्याला वाकलेला बघायचा हुता रं मला."

आणि ह्याच भीमानं साहेबांच्या नावाची शिळा घडवायचं काम मागून घेतलं! भाऊबंदांनी तोंडात शेण घातलं. हा मात्र कुठूनसा काळा दगड आणून, कामावरच पोत्याआड बसून तीन आठवडे छिन्नी चालवत राहिला. राहीबाईलाही जवळ येऊ दिलं नाही.

आता ती शिळा चौथऱ्यावर आडव्या कडेवर उभी होती. चार गड्यांना जड. खाली एक लाकडी पाचर; ती काढली की शिळा पुढं कोसळेल अशी. साहेब पूजेला वाकले की त्यांचं डोकं बरोब्बर तिच्या खाली येणार होतं. भीमा पहार घेऊन बाजूला उभा राहिला तेव्हा राहीबाईला सगळं उमगलं. साहेब मेला तर तिला सुतक नव्हतं. पण नवरा फासावर जाईल त्याचं काय?

"अवं, नगं!" ती कुजबुजली. "आत्याबाईंची आन हाय तुमाला."

"तिच्याचसाठी चाललंय," भीमा म्हणाला.

आप्पासाहेबांनी नारळ फोडला. हळदकुंकू वाहिलं. सगळ्यांदेखत वाकून त्यांनी शिळेवर कपाळ टेकवलं आणि चांगलं घटकाभर टेकवून ठेवलं. फोटो निघत होता. राहीबाईनं डोळे मिटून घेतले.

टाळ्या वाजल्या. तिनं डोळे उघडले. साहेब टोपी सावरत मोटारीकडं चालले होते.

"जमलं न्हाई?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"जमलं की. हिकडं ये. भिंतीत सरकवायच्या आधी मागनं बघून घे."

ती शिळेमागं गेली. शिळेची पाठ म्हणजे मधोमध झिजलेला त्यांच्याच घराचा उंबरा होता, आणि त्यावर गोजरबाईच्या हातची हळद अजून होती.