भोरीचा पान्हा

साथीमुळे सुंदराबाईला गावच्या शाळेत वेगळं ठेवलं होतं. तिथं तिनं तारांचे हातमोजे घातले, की घरच्या गोठ्यात यंत्राचे दोन हात तिच्या बोटांबरोबर हलायचे. पण भोरी म्हैस त्या हातांना शिवू देईना, आणि सुंदराबाईच्या नवऱ्याला, रखमाजीलाही नाही. कालपासून तिची कास तटतटली होती. आज तर तिनं लाथेनं चरवीच उडवली.

"अवो, माझं जुनं लुगडं गुंडाळा यंत्राला," यंत्रातून सुंदराबाई म्हणाली.

रखमाजीनं लुगडं गुंडाळलं. भोरीनं ते हुंगलं आणि पान्हा सोडला. चरवी फेसानं भरली.

रखमाजी यंत्र बंद करायला वाकला, तेवढ्यात त्यातला एक गार हात त्याच्या गालावर टेकला.

"दाढी किती वाढलीय! जेवता का न्हाई?"

"जेवतो की," म्हणत रखमाजीनंही भोरीसारखंच लुगड्यात नाक खुपसलं.