जावयाचं पान

वरणाची बादली घेऊन पंगतीत उतरलेला तो वाढपी आपला नवरा आहे, हे सायलीनं आधी त्याच्या चालीवरून ओळखलं आणि मग तोंडावरून. हातातला पुरीचा घास हातातच राहिला.

पैठण रोडवरच्या लॉन्सवर तिच्या धाकट्या भावाचा, सत्यमचा साखरपुडा होता. ती माहेरच्या माणसांत बसली होती ती तब्बल चार वर्षांनी. तिनं अभयशी कोर्टात लग्न केलं आणि तिच्या वडलांनी, आप्पासाहेबांनी, घराचं दार लावून घेतलं. त्यांचा चाळीस एकर ऊस, रस्त्यावरचा पेट्रोल पंप, आणि जावई कोण? तर मोंढ्यात पोती उचलणाऱ्या धोंडिबाचा पोरगा. त्याचं तोंड बघणार नाही म्हणाले, आणि चार वर्षांत अभयला कधी समोर येऊ दिलं नाही.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. साखरपुड्याला या, दोघंही या. त्या ‘दोघंही’नं सायलीची पंचाईत केली. अभयची चिकलठाण्यातली नोकरी जाऊन आठ महिने झाले होते. बिनकामाचा नवरा घेऊन त्या दारात जाण्यापेक्षा तिनं त्याला सरळ विमानात बसवून टाकलं. कंपनीनं ट्रेनिंगला जर्मनीला पाठवलंय, असं तिनं आप्पांना सांगितलं. अभयला मात्र साखरपुड्याचा पत्ताच लागू दिला नाही. ऑफिसातल्या मैत्रिणीचं डोहाळजेवण आहे म्हणाली.

त्या सकाळी तो म्हणाला, त्यालाही इंटरव्ह्यूला जायचंय.

“तुझे इंटरव्ह्यू संपायच्या आधी एमआयडीसीतल्या कंपन्या संपतील,” ती आरशात बघत म्हणाली.

डोहाळजेवणाला पैठणी लागते का, असं त्यानं विचारलं. तिनं सांगितलं की लागते, आणि ती नवऱ्यानं घेतलेली नसली की जास्तच शोभते. त्यानं पाय बाहेर काढला आणि दार आपटलं. तिनं ते उघडून पुन्हा आपटलं, त्याच्यापेक्षा जोरात. गेले आठ महिने त्या घरात दाराचंच काय ते मोकळेपणी बोलणं चाललं होतं.

आणि इथं आल्यावर हे नवंच. तिच्या शेजारची खुर्ची आप्पासाहेबांनी रिकामी ठेवायला लावली आणि त्या खुर्चीपुढं पान मांडायला सांगितलं. जावयाचं पान. ते जर्मनीत आहेत आप्पा, असं ती दोनदा बोलली. आई, लक्ष्मीबाई, हळूच म्हणाली की चांगल्या जित्या माणसाचं पान असं मोकळं मांडू नये. आप्पासाहेब कुणाचं ऐकतात होय. मांडा म्हटलं ना, एवढंच बोलले आणि दोघींच्या मागं हात बांधून उभे राहिले. सायली मनातून चडफडली. म्हणजे एवढ्यासाठी बोलावलं होतं तर. चारचौघांत रिकामी खुर्ची दाखवायला.

तेवढ्यात ती बादली आली. डोक्यावर जाळीची टोपी, अंगात केटररचं मरून जाकीट, हातात वगराळं. हा याचा इंटरव्ह्यू. तिला दया आली नाही, संताप आला. खोटं बोलला माझ्याशी. आपणही त्याला परदेशी धाडलंय, हे त्या घडीला तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. शहरात दुसरे केटरर नव्हते? दुसरं लॉन नव्हतं? आता हा तोंड उघडणार, आणि सगळ्या भावकीसमोर माझी अब्रू जाणार.

पानामागून पान वाढत अभय जवळ आला. समोर सायली दिसली आणि तो थांबला. वगराळं तसंच हवेत. त्यातलं वरण टपटप टेबलाच्या पांढऱ्या कापडावर सांडत राहिलं.

“काय गं,” मागून आप्पासाहेबांनी विचारलं, “वळखीचा हाय का तुझ्या?”

अभय तिच्याकडं बघत होता. ती काय बोलते याची वाट बघत होता.

“माझा कोण असणार, आप्पा? वाढपी आहे.” मग ती त्याच्याकडं वळली. “भाऊ, वाढा आणि पुढं व्हा.”

रागाच्या भरात बाई नवऱ्याला काय वाट्टेल ते म्हणते. भाऊ म्हणत नाही. शब्द तोंडातून गेला आणि सायलीचे कान गरम झाले.

“हो, ताई,” अभय म्हणाला.

त्यानं तिच्या भातावर वरण घातलं. थेंब इकडचा तिकडं नाही. अजून देऊ का, असंही विचारलं. तिनं मान हलवली. सुटले एकदाची, असं तिला वाटलं.

तोच आप्पासाहेबांनी पुढं होऊन बादलीच्या कडीला हात घातला.

“ठिवा खाली ही, जावईबापू. सकाळी तुमी गाडीतून भांडी उतरवीत हुता, तवाच वळखलं म्या. चार वर्षं झाली, हिच्या आईच्या मोबाईलात तुमचाच फोटू बघतोय. कष्टाचं काम हाय, त्यात लाजायचं काय? पान तुमच्यासाठीच मांडायला लावलंय. बसा.”

आजूबाजूची जेवणं थांबली. लक्ष्मीबाईंनी तोंडाला पदर लावला. सायली धडपडत उठली आणि तिनं स्वतःच्या हातानं शेजारची खुर्ची मागं ओढली.

अभयनं त्या पानाकडं पाहिलं. मग आप्पासाहेबांची बोटं एकेक करून, अगदी अदबीनं, कडीवरून सोडवली.

“तुमचा गैरसमज होतोय, साहेब,” तो म्हणाला. “ताई बरोबर सांगतायत. मी त्यांचा कुणीच नाही.”