पानांवरची शाई

येत्स्काचं पत्र मार्चमध्ये आलं होतं. मेन्नोने ते वाचलं, घडी घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं आणि उत्तर दिलं नाही. आता जून अर्धा सरला होता. पत्र चार ओळींचंच होतं. ‘हिल्केच्या त्या हॉस्टाचा एक फुटवा मला देशील का? बहिणीचं काहीतरी माझ्या दारात असावं, एवढंच.’

आज सकाळी रिक्स्ट येऊन मागच्या बाकावर बसली होती. ती गावातल्या बागमंडळाची चिटणीस. ते हॉस्टा तपासायला मेन्नोनेच काल तिला फोन करून बोलावलं होतं. इतक्या दिवसांनी आत्ताच का, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

समोर भिंतीच्या सावलीत ते हॉस्टा पसरलं होतं. ताटलीएवढी पोपटी पानं, आणि प्रत्येक शिरेच्या कडेने गडद हिरवा रंग फुटलेला, टीपकागदावर शाई फुटावी तसा. हिल्केला, त्याच्या बायकोला, ते स्वतःच्याच वाफ्यात सापडलं होतं. नवीन जात मिळाली म्हणून तिने त्याला ‘शाई’ असं नावही दिलं होतं. उन्हाळ्यात गावातल्या बागा लोकांना खुल्या होत, तेव्हा आलेली माणसं बाकी सगळं सोडून याच्यापाशी थांबत आणि जाताना एक तुकडा मागत.

रिक्स्टने पानाचा तुकडा छोट्या पिशवीतल्या पाण्यात चुरडला आणि त्यात कागदाची पट्टी बुडवली.

“एक रेघ आली तर सुटलास. दोन आल्या तर विषाणू.”

“माहीत आहे.”

“माहीत होतं तर इतके दिवस काय अंडी उबवत होतास?”

मेन्नोने कॉफी ओतली. बिस्किटांचा डबा पुढे केला. रिक्स्टने एक उचललं, त्याने झाकण लावलं.

“हिल्के असती तर डबा परत उघडला असता,” ती म्हणाली.

“नसता. एका कॉफीला एकच.”

“नसताच.” ती हसली. मग तिने पट्टी उजेडात धरली आणि हसू आवरलं. पट्टी तिने त्याच्यासमोर ठेवली.

दोन रेघा होत्या.

आत काहीतरी हलेल म्हणून मेन्नो थांबला. काही हललं नाही. हिल्केला पुरलं त्या दिवशीही असंच झालं होतं. लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे.

“मरेल का ते?” त्याने विचारलं.

“मरत नाही रे, तीच तर पंचाईत आहे. आहे असंच जगेल. आणि याला लावलेली सुरी दुसऱ्याला लावली, की तेही गेलं. वाऱ्याने येत नाही, किड्यांनी येत नाही. रसातून जातं. सुरी, कात्री, आपले हात.”

हिल्के ब्रेडच्या सुरीने ठोंब फोडायची. एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. मध्ये सुरी ॲप्रनला पुसायची.

“माझ्याकडचं मी एप्रिलमध्येच उपटलं,” रिक्स्ट म्हणाली.

“मला बोलली नाहीस.”

“तिने दिलेलं होतं.”

मेन्नोने कप खाली ठेवला. “येत्स्काला एक फुटवा हवाय. तिच्याकडे दुसरं एकही हॉस्टा नाही. कुंडीत, एकटंच ठेवलं तर?”

“ठेवेल ती एकटं?”

त्याने बिस्किटांच्या डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबलं.

“शेजारीण म्हणेल, अगंबाई, काय पान आहे! एक तुकडा दे ना मला. आणि येत्स्का सुरी आणायला आत जाईल. हिल्केचीच बहीण ती, मेन्नो.”

तो उठला आणि फावडं घेऊन आला. हॉस्टा सहजासहजी निघालं नाही. वर्षानुवर्षं मुळं खोल गेली होती. घाम आला तसा त्याने कोट काढला. रिक्स्ट मुळांचे तुकडे मातीतून वेचत होती. सगळं काळ्या पिशवीत गेलं. मेन्नो सवयीने ती खताच्या ढिगाकडे नेऊ लागला.

“तिकडे नको! घरच्या कचऱ्यात.”

तो वळला.

फावडं आणि पान कापलेली सुरी ब्लीचच्या बादलीत बुडवून रिक्स्टने हात धुतले. “मुळाचा एखादा तुकडा राहतोच. दोन वर्षं इथे हॉस्टा लावू नकोस. बाकीचीही तपासू पुढच्या आठवड्यात. आज नीट दिसतात म्हणून नीट असतीलच असं नाही.” फाटकाशी ती थांबली. “जेवलास का काही?”

“जेवेन.”

“म्हणजे नाही,” ती म्हणाली आणि सायकलवर बसली.

मेन्नोने साबणाने कोपरापर्यंत हात घासले. मग टेबलाशी बसला. पहिलं वाक्य त्याला जमेना. ते फार पुस्तकी वाटलं, म्हणून खोडलं. दुसरं रडवं वाटलं, तेही खोडलं. शेवटी नवा कागद घेतला.

‘येत्स्का, फुटवा पाठवत नाही. झाड आजारी होतं, आज काढून टाकलं. पानांवरची ती शाई म्हणजेच तो आजार होता. हिल्केला हे ठाऊक नव्हतं. उत्तराला उशीर झाला. जागा भिंतीलगतची आहे, दुपारी तिथे गार असतं. दोन वर्षं ती मोकळीच राहील. दोन खुर्च्या मावतात.’

कोपऱ्यावरच्या नारिंगी टपालपेटीला दोन फटी होत्या, एक जवळच्या गावांसाठी आणि एक लांबच्या. येत्स्काचं गाव कशात धरायचं, ते त्याला चटकन ठरवता येईना. त्याने लांबच्या फटीत पाकीट सरकवलं, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत तिथेच उभा राहिला.