चंडोलाची दुपार

पुढच्या चाकापासून हातभरावर मातीचं एक ढेकूळच उडाल्यासारखं झालं, तसा मल्हारीने ब्रेक दाबला. उतरून पाहिलं तर वाटीएवढी खळगी, काठाला बारके खडे मांडलेले, आत तीन ठिपकेदार अंडी. चंडोलाचं घरटं. ट्रॅक्टरमागे माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर चालवायला लागल्यापासून अशी किती घरटी त्याने मातीत कालवली असतील, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आज मात्र कंबर इतकी धरली होती की थांबायला निमित्त हवंच होतं.

वावर शुभांगीचं, मल्हारी तिथे भाड्याने रोटा मारायला आलेला. नवरा एकलहऱ्याला वीज केंद्रात ड्युटीवर, म्हणून ती एकटीच बांधावर उभी होती. संध्याकाळी झेंडूची रोपं यायची होती. मल्हारीने रोटा वर उचलून घरट्याभोवती बाजेएवढा तुकडा सोडला. लावणीच्या बायकांचा पाय पडू नये म्हणून तिथे काठी रोवली, तिला लाल चिंधी बांधली.

"बाबा, तुम्ही रोटा मारायला आले का पाखराचं बाळंतपण करायला?" शुभांगी म्हणाली. पण तुकडा राहू द्या, असंही म्हणाली.

जेवणापर्यंत बाकीचं वावर संपलं. भाकरी खाऊन तो ट्रॅक्टर न्यायला आला तेव्हा काठीवर कावळा बसला होता. खळगीत दोनच अंडी होती.

मल्हारी बघत राहिला. अळ्या वेचायला पाखरं यावीत म्हणून हरभऱ्यात त्याने जन्मभर अशाच काठ्या रोवल्या होत्या. मोकळ्या वावरात काठी दिसली की पाखरू येऊन बसणार, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्याने काठी उपटून लांब फेकली. कावळा बाभळीवर जाऊन बसला आणि तिथून खाली बघू लागला. त्याला जागा कळली होती.

ऊन डोक्यावर आलं होतं. अशा वेळी चंडोलाची मादी ऊब द्यायला बसत नाही. पंख जरा उघडून अंड्यांवर सावली धरते. नाहीतर तापलेल्या मुरमावर अंडी शिजूनच जायची. मल्हारी घरट्यापाशी राखणीला उभा राहिला. कावळा हलला नाही, पण मादीही येईना. ती या ढेकळामागून त्या ढेकळामागे पळत यायची, त्याला बघून मागे फिरायची. तो दहा पावलं सरला, तर कावळ्याने पंख उघडले. मल्हारी पुन्हा पुढे आला.

खिशातला फोन वाजला. पुढच्या वावराचा निवृत्ती कधीचा वाट बघत होता. मल्हारीने त्याला अजून येळ लागंल एवढंच सांगितलं आणि तो ट्रॅक्टरवर चढला.

वावराच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन त्याने सकाळच्याच मातीत रोटा खाली सोडला. माती वर आली, तिच्यात हुमणीच्या पांढऱ्या अळ्या उघड्या पडल्या. आधी दोन बगळे उतरले. मग बाभळीवरचा कावळा उडाला आणि रोटामागे टुणटुण चालू लागला.

शुभांगी लगबगीने आली. "बाबा, इकडलं झालंय ना सकाळीच."

"झालंय."

"मग?"

मल्हारीने नुसती मान मागे वळवली. दूरच्या त्या तुकड्यात मादी चालत चालत खळगीशी पोचली, आत बसली, आणि तिने पंख थोडे उघडले. शुभांगीने तिच्याकडे पाहिलं, मग कावळ्याकडे.

"असं किती येळ फिरणार?"

मल्हारीने कंबरेमागचं घडी केलेलं पोतं नीट सरकवलं.

"ऊन कलंपर्यंत," तो म्हणाला, आणि बांधाशी येऊन त्याने ट्रॅक्टर पुन्हा वळवला.