निरोप चांदीमार्फत

"चांदी, सांग त्याले," मिरच्यांचे देठ खुडता खुडता द्रौपदाबाई शेळीला म्हणाली, "उद्या दहा वाजता पलस्तर कापतील म्हणा. पुढचं त्याचं तो बघेल."

शेळीने कान हलवला. तिला सवय झाली होती. दोन महिने द्रौपदाबाईचा देवाशी अबोला होता आणि सगळे निरोप चांदीमार्फत जात होते.

कारणही तसंच होतं. तिचा नवरा लोटन, दोंडाईच्याच्या मिरची बाजारातला हमाल, पडला तो कुठून, तर चर्चच्या छपरावरून. फुकटात कौलं शाकारायला चढला होता बिचारा. गुत्त्याच्या पायरीवरून पडला असता तर तिने चार शिव्या घालून विषय मिटवला असता. पण आपल्याच घराचं काम करणाऱ्याला देवाने खाली टाकावं? माणसात असता तर तिने पंच बसवले असते. आता लोटन पाय पलस्तरात घालून धुळ्याच्या दवाखान्यात पडून होता. हाड जुळलं नसेल तर पाठीवर पोतं विसरा, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती.

चर्चचे शालिग्राम पाळक आले आणि पालथ्या पाटीवर बसले. त्या दिवशी शिडी त्यांनीच धरली होती आणि लोटनला उचलून दवाखान्यात नेलं तेही त्यांनीच. उद्याचा दिवस मोठा आहे अक्का, म्हणाले, प्रार्थना करू या.

"तुम्ही करा. मी त्यानासंगे बोलस नही."

पाळकांनी डोळे मिटले. त्यांची प्रार्थना म्हणजे मालगाडी. संपली संपली म्हणता आणखी डबे निघायचे. अब्राहामापासून निघाले, मोशेपाशी मिरचीच्या ठसक्याने दोनदा शिंकले आणि कसेबसे लोटनपाशी पोचले. "हे दयाळू पित्या, तुझ्या लेकराच्या उजव्या पायाला हात लाव."

द्रौपदाबाईचा हात थांबला.

"त्या उजव्या पायात बळ भर, प्रभो."

तिने चांदीकडे पाहिलं. चांदी रवंथ करत होती. इकडे पाळक तिसऱ्यांदा उजव्यावर आले. लोटनचा उजवा तर ठणठणीत होता. देव पाळकांचं ऐकून त्याच्यातच जोर भरत बसला, तर डाव्याचं काय? शेळीकडून निरोप धाडायला आता वेळ नव्हता.

"डावा, देवा, डावा!" आभाळाकडे तोंड करून ती ओरडली. "उजव्याले काय धाड भरली? डावा पाय शे, माझ्या बापा!"

"आमेन," पाळक लगेच म्हणाले. त्यांची प्रार्थना इतक्या पटकन आजवर कधी आटोपली नव्हती. तोंडावर रुमाल धरून ते निघाले. रस्त्याला लागेपर्यंत त्यांचे खांदे हलत होते. मिरचीचा ठसका वाईटच.

द्रौपदाबाई पदराने तोंड पुसून शेळीकडे वळली.

"सांग त्याले, हे बोलणं धरायचं नही. अबोला शे तो शेच." तिने दोन मिरच्यांचे देठ खुडले. "पण डावा म्हणा. ध्यानात ठेव म्हणा."